मगवर फोटो छापायचं काम घरून सुरू करायचं आहे, आधी काय घेऊ? (नागपूर)

मनीषनगरची

नमस्कार. मी नागपुरात मनीषनगरला राहते. सात वर्षं एका शाळेत चित्रकला शिकवली, मुलगी झाल्यावर सोडली. आता ती बालवाडीत जायला लागली, त्यामुळे सकाळी ८ ते १२ माझ्या हातात असतात. कॉफी मगवर लोकांचे फोटो आणि मी स्वतः काढलेली चित्रं छापून विकायची, असं मनात आहे. ४० हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. ते गेले तर पुन्हा जमायला दोन वर्षं लागतील, म्हणून कुठलीही वस्तू घेण्याआधी इथे विचारते आहे.

एक प्रयोग करून पाहिला. सीताबर्डीवरून एक साधा पांढरा मग आणला, सब्लिमेशनचा (उष्णतेने चित्र वस्तूवर उतरवायचा) कागद मागवला, घरच्या इंकजेट प्रिंटरवर मुलीचं चित्र छापलं, कागद मगला घट्ट गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवला. कागद काढला तर मगवर फक्त एक निळसर डाग होता आणि तोही साबणाने निघून गेला. माझं काय चुकलं? घरचा प्रिंटर चालत नाही का? मग वेगळा लागतो का? दुकानदार म्हणतो की एकच मोठं मशीन घ्या, मग, प्लेट, टोपी, टी-शर्ट सगळं त्यावर होतं. माझ्याकडे सुती पिशव्याही बऱ्याच शिवून पडल्या आहेत, त्यांवर छापता आलं तर फार बरं होईल.

कोरलवाला

ताई, दोन्ही गोष्टी चुकल्या. शाई सब्लिमेशनची हवी आणि मग कोटिंगवाला हवा. साध्या मगवर जन्मात उतरणार नाही. मशीनचं म्हणाल तर दुकानदार बरोबर सांगतो, मोठंच घ्या. उद्या गिऱ्हाईक टी-शर्ट मागेल तर नाही कशाला म्हणायचं?

महालातला फोटोवाला

ताई, महालात आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला तेव्हा रोल धुवायचं काम होतं. पुढे फोटो लोकांच्या मोबाईलमध्येच राहायला लागले, स्टुडिओतली गर्दी ओसरली, तेव्हा मी मगकडे वळलो. दहा वर्षांपासून छापून राहिलो. कोरलवाला भाऊंचं पहिलं म्हणणं सोळा आणे खरं आहे, मशीनचं मात्र मला पटत नाही. सविस्तर लिहितो, कारण मी सुरू केलं तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं.

तुमचा मग कोरा का राहिला ते आधी समजून घ्या. देवघरातला कापूर डबी उघडी ठेवली की पाणी न होताच उडून जातो. शाळेत त्याला संप्लवन म्हणायचो. सब्लिमेशनच्या शाईतला रंग तसाच वागतो. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला तो वितळत नाही, सरळ वायू होतो. हा वायू शिरतो कशात? तर पॉलिएस्टरमध्ये, किंवा मगवर बाहेरून दिलेल्या तशाच पॉलिमरच्या थरात. तापल्यावर तो थर सैल होतो, रंग आत जातो, थंड झाला की थर आवळतो आणि रंग आतच राहतो. म्हणून चांगल्या छापलेल्या मगवर डोळे मिटून नख फिरवलं तर चित्र कुठे सुरू झालं ते कळत नाही. साध्या मगची झिलई काचेसारखी असते, तिच्यात रंगाला शिरायला वाटच नाही. त्यात तुमच्या प्रिंटरमध्ये साधी शाई, जी वायू होतच नाही. निळा डाग दिसला तो कागदावरच्या त्या साध्या शाईचा.

याच कारणाने सुती पिशव्यांचा विचार सोडा. आपण कापसाच्या मुलखात राहतो आणि ही शाई नेमकी कापसालाच धरत नाही, याचं मलाही वाईट वाटलं होतं. सुरुवातीला उतरल्यासारखी दिसते, दोन धुण्यांत फिकी पडते. पिशव्यांवर तुम्ही हाताने रंगवा, चित्रकार आहात. सब्लिमेशनला पॉलिएस्टर कापड लागतं, तेही पांढरं किंवा अगदी फिकं. या शाईत पांढरा रंग नसतो. चित्रातला पांढरा म्हणजे खालच्या वस्तूचाच पांढरा. मग थोडा पिवळट निघाला तर माणसाचा चेहराही काविळीसारखा दिसतो, म्हणून घेताना दोन-तीन मग उन्हात धरून बघा.

प्रिंटर. घरगुती इंकजेट दोन जातींचे असतात. एका जातीत शाई तापवून तिचा बुडबुडा करून थेंब फेकतात. ती जात आपल्याला चालत नाही, कारण ही शाई तापवायची ती प्रेसमध्ये, म्हणजे मगला गरम करून दाबणाऱ्या मशीनमध्ये, प्रिंटरच्या डोक्यात नाही. दुसऱ्या जातीत विजेने थरथरणारा स्फटिक शाई ढकलतो, त्याला पिझो म्हणतात. एप्सनचे टाकीवाले प्रिंटर पिझोचे आहेत, म्हणून या धंद्यात बहुतेकांकडे तेच दिसतात. नवा कोरा प्रिंटर घ्या, त्याची सोबत आलेली शाई टाकूच नका, पहिल्या दिवसापासून सब्लिमेशनची भरा. वॉरंटी जाते, ते धरूनच चाला. आणि त्याच प्रिंटरवर मुलीच्या शाळेचे कागद काढायचे नाहीत, तो फक्त मगसाठी.

आता मशीन. मगची छोटी प्रेस ३५० वॅटच्या आसपास असते, घरच्या साध्या प्लगवर चालते. मोठी सपाट प्रेस २००० वॅटपर्यंत जाते, तिला १६ अँपिअरचा पॉइंट आणि धड वायरिंग लागतं. पाच कामांचं एक मशीन घेतलं तर प्रत्येक वेळी जोड बदलायचे, तापायची वाट बघायची, आणि एक भाग बिघडला की पाचही कामं बंद. तुम्हाला सकाळचे चार तास आहेत. नुसती मग प्रेस घ्या. मी माझी घेतली ती चार हजारांत. प्रिंटर, शाई, कागद, उष्णतेला टिकणारी टेप आणि ३६ मगांचं एक खोकं धरून तुमच्या ४० हजारांतले १२-१५ हजार शिल्लक राहायला हवेत. ते राहू द्या, वाया जाणाऱ्या मालासाठी ते लागतातच.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. प्रेस आणि प्रिंटर कोणीही विकत घेतो. काम बिघडतं ते ओलाव्याने आणि वाऱ्याने, आणि आपल्या नागपुरात हे दोन्ही एकाच वस्तूतून येतात. कूलर.

माझं तिसरं वर्ष होतं. मे महिना, बाहेर ४५ अंश, दुकानात कूलर सकाळपासून सुरू. मे अखेरीला निवृत्त्या खूप असतात, तशी एका ऑफिसची २४ मगांची ऑर्डर होती. मार्चमध्ये अंश-सेकंदांचे जे आकडे लावून सुंदर काम निघत होतं तेच लावले. पहिल्या मगवर साहेबांच्या कपाळाची रेघ फुटलेली, अक्षरांच्या कडा पसरलेल्या. दुसऱ्यावर चेहऱ्याची डावी बाजू ठीक आणि उजवी धुरकट. नऊ मग गेले. मी शाई बदलली, कागदाचं पाकीट बदललं, तापमान वाढवलं तर काळा रंग तपकिरी व्हायला लागला. संध्याकाळी मुलगा दुकानात आला आणि त्याने कागदाच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. म्हणाला, बाबा, कागद थंडगार लागतोय.

तिथे उलगडा झाला. कूलर खोलीत पाण्याची हवा सोडतो. कागद ती हवा दिवसभर पितो. प्रेसमध्ये गेल्यावर त्या पाण्याची वाफ होते आणि वायू झालेल्या रंगाला बाजूला ढकलते, म्हणून कडा फुटतात. आणि कूलरचा झोत प्रेसच्या उजव्या अंगावर थेट येत होता, त्या बाजूची मगला गुंडाळून तापवणारी पट्टी तापतच नव्हती. त्या दिवसापासून कागद झिप लावलेल्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, लोखंडी कपाटात. लागेल तेवढीच पानं बाहेर. छापलेलं पान दहा मिनिटं कोरड्या जागी वाळवायचं. आणि मग प्रेसमध्ये असेल तेव्हा कूलर बंद. घाम येतो, येऊ द्या. राहिलेले मग मी रात्री अकरापर्यंत बसून पूर्ण केले, नऊ मगांचे पैसे खिशातून गेले, पण ऑर्डर वेळेवर दिली. जुलै-ऑगस्टच्या पावसात हेच जपायचं.

उलटंही होतं. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत प्रिंटर आठवडाभर बंद राहिला तर नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, सुकतात. काम नसलं तरी दोन-तीन दिवसांनी चारही रंगांचं एक छोटं पान काढत जा.

दुसरी गोष्ट, वही करा. तारीख, कुठल्या खोक्यातला मग, किती अंश, किती सेकंद, काय निघालं. माझ्या प्रेसवर १८० अंश आणि २०० सेकंद बसतात, तुमच्यावर हेच बसतील असं नाही, कारण आकडा दाखवणारं यंत्र आणि खरी पट्टी यांत फरक असतो. थंड मग आत गेला की आकडा एकदम खाली येतो, तो परत वर चढल्यावर सेकंद मोजायचे. रंग फिका निघाला तर वेळ कमी पडला किंवा दाब कमी. काळा तपकिरी झाला तर जास्त भाजलं. नवं खोकं आलं की त्यातला पहिला मग नेहमी चाचणीचा, गिऱ्हाइकाचा नाही. कोटिंग खोक्याखोक्याला बदलतं.

छापताना चित्र आरशासारखं उलटं करायला विसरू नका. कागदावर रंग मेलेले दिसतील, घाबरू नका, ते प्रेसमध्येच उघडतात. मग पुसायला लोकरी किंवा सुती फडका नको, त्याचा एक तंतू राहिला तर त्या जागी निळा ठिपका उमटतो. चेहरा मगच्या वरच्या कडेपासून आणि कानापासून सेंटिमीटरभर आत ठेवा, तिथे प्रेसचा दाब पुरत नाही. काढल्यावर कागद गरम असतानाच एका झटक्यात ओढा. रेंगाळलात तर तो सरकतो आणि चित्राला सावली पडते. गरम मग थंड पाण्यात घालू नका, तडकतो. मी लाकडी पाटावर ठेवतो. आणि हे काम स्वयंपाकघरात करायचं नाही. वाफ आणि वास येतो, खिडकी उघडी हवी, मुलगी त्या खोलीत नको.

मनीषनगरची

दादा, तुमचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलं. आमच्याकडेही मार्चच्या शेवटापासून कूलर सुरू असतो आणि मी कागद नेमका त्याच खोलीत, टेबलावर उघडा ठेवला होता. आज कपाटात टाकला.

मोठ्या मशीनचा विचार सोडला. आता तीन शंका. व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो चालतात का? मराठी नावं छापताना अक्षरं तुटतात असं ऐकलं, ते कसं टाळायचं? आणि एका मगचे किती घ्यायचे?

कोरलवाला

मशीनबद्दल मी घाईने लिहिलं होतं. माझी घरापासून वेगळी जागा आहे, थ्री फेज आहे, तुमच्याकडे तसं नाही हे लक्षात घ्यायला हवं होतं.

मराठीचं मी सांगतो, रोजचं काम आहे. युनिकोड फॉन्ट वापरा, जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की "श्री" आणि "द्ध"चं कडबोळं होतं. मजकूर पक्का झाला की कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या रेषांच्या चित्रात, बदला, त्यानंतर अक्षर हलत नाही. त्याआधी मोठ्याने वाचा. "हार्दिक"ची वेलांटी आणि "शुभेच्छा"तला च्छ, या दोन ठिकाणी सगळ्यात जास्त मग वाया जाताना मी पाहिले. एकदा रंग आत गेला की खोडता येत नाही. नाव गिऱ्हाइकाने जसं लिहून पाठवलं तसंच घ्या, तयार चित्र त्यांना पाठवा, "बरोबर आहे" असं उत्तर आल्याशिवाय प्रेस तापवू नका.

सिनेमातले चेहरे, कार्टून, क्रिकेट संघांची चिन्हं मागणारे पोट्टे खूप येतील. परवानगीशिवाय ते छापू नका. तुमची स्वतःची चित्रं आहेत, ती कोणाकडेच नाहीत.

महालातला फोटोवाला

फोटोचं सांगतो. मगवर गुंडाळायला साधारण २० सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर उंच जागा मिळते. इंचाला ३०० ठिपके धरले तर २३६० बाय १०६० च्या जवळपास पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतो, म्हणून गिऱ्हाइकाला सांगा की फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ए४ कागदाची रुंदी २१ आहे, त्यामुळे एका पानावर तीन मगांच्या पट्ट्या एकाखाली एक बसतात. एकेकटी पट्टी छापून कागद वाया घालवू नका.

गेलेल्या माणसांचे फोटो येतील तेव्हा घाई करू नका. भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाईलने काढलेला फोटो पाठवतात, काचेत खिडकी आणि पाठवणाऱ्याचा हात दिसतो. मी त्यांना म्हणतो, फ्रेम घेऊन या, मी स्वतः उघडतो. फोटो बाहेर काढून इंचाला ६०० ठिपक्यांवर स्कॅन करतो, परत फ्रेममध्ये बसवून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. घरात आजोबांचा तेवढा एकच फोटो असतो. तो स्कॅन त्यांनाही पाठवून देतो.

दर. मला मग ८० ला पडतो, खोका १५, कागद-शाई-टेप मिळून १० धरतो. विजेचं फार नाही, अशी प्रेस तासभर चालली तरी युनिटचा तिसरा हिस्सा. दहात एक वाया जातो असं धरलं की ११५ च्या घरात जातो. मी २५० घेतो, दहाच्या वर २००. तुमचं चित्र असेल तर ३०० सांगा आणि खाली येऊ नका. चित्राला तुमचे तास लागले आहेत. तासाला टेप लावण्यापासून काढण्यापर्यंत आठ-दहा मग होतात, त्यावरून ऑर्डरची तारीख द्या.

वाणवाली

मी प्रतापनगरला राहते, चार वर्षांपासून छोट्या भेटवस्तू करते. ताई, मग हा वाढदिवसाचा माल आहे, त्याला हंगाम नाही. हंगाम बघायचा तर संक्रांत ते रथसप्तमी. हळदीकुंकवाला एकेक बाई तीस-चाळीस वाणं घेते. मग कोणी वाटत नाही, पण एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) फ्रीज मॅग्नेट आणि किचेन वाटतात. मी त्यासाठी दुसऱ्या वर्षी छोटी सपाट प्रेस घेतली, पहिल्या वर्षी नाही. ऑर्डरी नोव्हेंबरपासून घ्यायला सुरुवात करा, कारण जानेवारीत कोरा माल मिळायला वेळ लागतो.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाला, मी बैल सजवून येणाऱ्या मुलांसाठी नाव घातलेले छोटे मॅग्नेट करते. बाहेरगावी कोणाला हा सण माहीतही नसतो, आपल्याकडे गल्लीगल्लीत मुलं असतात. तुम्ही लाकडी बैलाचं चित्र स्वतः काढा, बघा किती जातात.

गिऱ्हाइकाला मग देताना एक चिठ्ठी टाका: तारेच्या घासणीने घासू नये. आमच्या शेजारच्या काकूंनी महिनाभर घासला आणि चित्राची चमक गेली, कारण कोटिंगच खरवडलं होतं.

कागदपत्रांचं म्हणाल तर उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) मोफत आहे, घरबसल्या होते. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांवर जाऊ नका. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण राज्याबाहेर माल पाठवायचा झाला तर आधी नीट विचारून घ्या. आपल्याला छिंदवाडा, बालाघाट जवळ पडतं, म्हणून सांगते.

मनीषनगरची

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. टाकीवाला प्रिंटर आणि मग प्रेस घेतली, इतवारीतून ३६ मगांचं खोकं आणलं. १४ हजार शिल्लक आहेत.

पहिला मग १८० अंश, २०० सेकंद. फिका. दुसरा २२० सेकंद, बरा, पण वरची कड पांढरी. तिसऱ्याला चित्र एक सेंटिमीटर खाली घेतलं. चौथा मुलीने काढलेल्या घराचा, तो मी डोळे मिटून नखाने तपासला आणि मला कुठेच काही लागलं नाही. तो आता तिचा दुधाचा मग आहे. पाचवा उलटा करायला विसरले, "शुभेच्छा" आरशात वाचावं लागतं. तो चाचणीसाठी ठेवला आहे. प्रेस मागच्या खोलीत आहे, तिथे कूलरची हवा जात नाही, पण दुपारी बसवत नाही, म्हणून पहाटे साडेपाचला दोन तास काम करते.

अकरा मग विकले गेले. सोसायटीतल्या एका आजींनी त्यांच्या यजमानांचा फोटो आणून दिला, १९७१ सालचा, फ्रेमसकट. मागे पुठ्ठ्याला वाळवी लागली होती. दादा, फोटो पुठ्ठ्याला चिकटलेला आहे, ओढला तर फाटेल असं वाटतं. हात लावलेला नाही. तुमच्याकडे घेऊन आले तर काढून द्याल का?

महालातला फोटोवाला

हाव ताई, आणा. ओढू नका, पाणीही लावू नका. फ्रेम आडवी धरून आणा, उभी नको. गुरुवार सोडून कधीही या, सकाळी दहाच्या आत आलात तर ऊनही लागणार नाही आणि मला निवांत बघता येईल. चिकटलेलाच स्कॅन करता येतो का ते आधी बघू, येत असेल तर सोडवायची गरजच नाही. येताना तुमची वही पण आणा.